कृषी सेवा केंद्र आणि शेतकरी : सल्लागार-संबंधाचे सामाजिक स्वरूप

सल्लागार व सल्ला घेणारा यांच्या संबंधात ज्ञानाबरोबरच विश्वास व आर्थिक अवलंबित्वही गुंतलेले असते. बिडकीनसारख्या बाजाराच्या गावात कपाशी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला सहज उपलब्ध असलेला सल्लागार म्हणजे कृषी सेवा केंद्राचा दुकानदार होय. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण संघटनेच्या २००३ मधील पाहणीनुसार देशातील १३.१ टक्के शेतकरी कुटुंबांनी निविष्ठा विक्रेत्यांकडून माहिती घेतली होती. विस्तार कार्यकर्त्यांबाबत हे प्रमाण ५.७ टक्के होते. दुकानात रोगट पान दाखविता येते, सल्ल्याचे शुल्क लागत नाही व औषध उधारीवर मिळते. तथापि सल्ल्याचे मोल औषधाच्या किमतीतच वसूल होते. ‘फवारणीची गरज नाही’ असे सांगणे दुकानदाराच्या मिळकतीविरुद्ध जाते. उधारी थकलेला शेतकरी प्रश्न विचारण्यास संकोचतो. अर्थात पीक बुडाल्यास दुकानदाराची उधारी व पतही बुडते; त्यामुळे हा संबंध निव्वळ शोषणाचा म्हणता येत नाही.

हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये विक्रेत्यांसाठी पदविका अभ्यासक्रम सुरू केला. त्यामुळे ज्ञानाची उणीव भरून निघू शकते. हितसंबंधांतील विसंगती मात्र तशीच राहते. ती कमी करण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती स्वतःचे मोजमाप हवे. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री गुलाबी बोंडअळीचे प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास फवारणीचा विचार करावा, अशी शिफारस आहे. ही मोजणी करून दुकानात जाणारा शेतकरी केवळ विचारत नाही, पडताळूनही पाहतो. ही मोजणी शिकविणे ग्रामीण महाविद्यालयांना सहज शक्य आहे.