नाताळची गाणी: कार्यक्रम की उपासना?

अधारतालातल्या आणि जबलपुरातल्या मराठी संगीतप्रेमींनो, चर्चमधला नाताळचा गाण्यांचा कार्यक्रम उपासना कधी ठरतो? गंमत रचनेत आहे.

🎵 इंग्लंडमधल्या ट्रुरो इथे १८८० साली ‘नऊ वाचने आणि कॅरोल्स’ ही उपासना सुरू झाली. १९१८ पासून ती केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात होते. आदामापासून ख्रिस्तजन्मापर्यंतची कथा बायबलमधल्या नऊ उताऱ्यांतून उलगडते, आणि प्रत्येक उताऱ्याला गाण्याची जोड असते. सुरुवातीचं एकल कडवं गाणारा मुलगा ऐन वेळी निवडतात!

🎵 आपल्याकडे कथा आणि गाणं गुंफण्याचं हे काम कीर्तनाने केलं. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन-कीर्तनाचा बाज ख्रिस्ती उपासनेत रुजवला. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’मध्ये त्यांची कितीतरी गीतं आहेत.

दोन्हीकडे सूत्र एकच: कथा पुढे सरकते आणि लोकही गातात.

गायकवृंदाचं नेतृत्व करणाऱ्यांसाठी:
✅ आधी वाचनं ठरवा, मग गाणी.
✅ दर दोन-तीन गाण्यांनंतर एक सगळ्यांनी म्हणायचं ठेवा.
✅ त्याची पट्टी खालची घ्या. तार षड्जाच्या वर सगळ्यांचा गळा जात नाही.
✅ निवेदन आटोपशीर ठेवा. दोन गाण्यांमध्ये वाचन आणि प्रार्थना पुरे.
✅ टाळ्या शेवटी.

तबला-पेटीवर बसणारं नाताळगीत कोणतं? कमेंटमध्ये सांगा.