पदकाच्या कडेवरचे नाव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या घरात पहिल्या महायुद्धाचे पदक निघाले, की नजर पंचम जॉर्जच्या मुखवट्याकडे जाते. खरी ओळख मात्र कडेवर असते: शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण, सारे रोमन लिपीत. स्पेलिंग आजच्यासारखे नसते. ‘मराठा’ या शब्दातला ‘एच’ही तेव्हा ‘आर’च्या आधी घालत.

सर्वांत बोलका असतो पलटणीचा आकडा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कूतच्या वेढ्यात सापडल्या होत्या. तिथल्या सैन्याने २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. (त्या पलटणींचा प्रत्येक शिपाई तिथे होता, असे अर्थातच नव्हे.) १९२२च्या पुनर्रचनेत हे आकडे जाऊन ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ आली. म्हणून खांद्यावरच्या बिल्ल्यावर ११० असेल, तर तो त्याआधीचा. १११ महार पलटण तर १९१७मध्ये उभी राहिली आणि १९२१मध्ये मोडली. तिचा बिल्ला मिळाला तर जपावाच.

लढणाऱ्या शिपायाला युद्धपदक चांदीचे मिळे. लष्कराबरोबरच्या मजुरांना आणि सेवकांना तेच कांस्याचे, तेव्हा कांस्य पाहून नकली समजू नये. चांदीच्या पदकांचे दुर्दैव वेगळे: ती मुशीत गेली, की नावही वितळते.

चिंच लावून घासणे टाळावे; आधी अक्षरेच झिजतात. तिरप्या उजेडात भिंगाने कड वाचावी. गावाचे नाव पदकावर नसते, म्हणून विकत घेताना ते कुठल्या घरातून आले हे तिथल्या तिथे विचारून टिपून ठेवावे.