जगाचा वृत्तान्त आणि कानाची मराठी

एखाद्या भाषेचे सामर्थ्य तिच्यातील काव्य, कथा आणि नाटके यांवरून जोखण्याची आपल्याकडे रीत आहे. ही रीत योग्य असली तरी पुरेशी नाही. ती भाषा बोलणारी माणसे दूरच्या देशांतील युद्धांविषयी, तहांविषयी व व्यापाराविषयी कोणत्या शब्दांत विचार करतात, हेही पाहावयास हवे. घर, सण आणि स्मरणरंजन यांपुरती उरलेली भाषा कितीही गोड असली तरी तिचे क्षेत्र आक्रसलेलेच असते. बंगळूरमधील महाविद्यालयांत गेल्या काही वर्षांत विद्यार्थी आंतरराष्ट्रीय घडामोडी सामान्य श्रोत्याला समजावून देणारे पॉडकास्ट करू लागले आहेत. ह्या उद्योगाकडे केवळ माध्यमातील नवलाई म्हणून न पाहता, भारतीय भाषांच्या गद्यापुढे उभा राहिलेला एक प्रश्न म्हणून पाहणे अगत्याचे आहे.

पॉडकास्ट म्हणजे महाजालावरून क्रमाक्रमाने प्रसृत होणारी ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची मालिका. 'आयपॉड' हे खिशात मावणारे उपकरण आणि 'ब्रॉडकास्ट' म्हणजे प्रक्षेपण, ह्या दोहोंच्या संयोगातून २००४ मध्ये हा शब्द रूढ होऊ लागला. नभोवाणीला ठरलेली वेळ असते, मनोरा असतो, परवाना असतो. पॉडकास्टला यांपैकी काहीच लागत नाही. एक शांत खोली, एक ध्वनिग्राहक, संपादनाची साधी सोय आणि बोलण्याजोगा विषय एवढ्यावर तो उभा राहतो. श्रोता तो सवडीने ऐकतो, थांबवतो, पुन्हा मागे नेतो.

विद्यार्थ्यांना असा विषय घ्यावासा का वाटतो, हे समजण्यास फार दूर जावे लागत नाही. २०२२ च्या मार्चच्या आरंभी युक्रेनमधील खार्किव येथे गोळाबारीत कर्नाटकातील एक वैद्यकीय विद्यार्थी मृत्युमुखी पडला. त्या दिवसांत हजारो भारतीय विद्यार्थी शेजारच्या देशांच्या सीमा ओलांडून मायदेशी परतत होते. ज्या घरांत तोपर्यंत पोलंड किंवा रुमानिया ही केवळ नकाशावरील नावे होती, तेथे सीमानाके, हवाई हद्द, 'नाटो' असे शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले. मुलाशी दूरध्वनीवर बोलणाऱ्या आईला ह्या शब्दांचा अर्थ तिच्या भाषेत सांगणारे कोणी होते काय, हा प्रश्न त्या वेळी कमालीचा व्यावहारिक होता.

विद्यापीठ आणि ध्वनिप्रक्षेपण यांचा संबंध कर्नाटकात नवा नाही. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरी अवघ्या ३० वॅट शक्तीच्या यंत्रावर एक प्रक्षेपणकेंद्र सुरू केले. त्याला त्यांनी दिलेले 'आकाशवाणी' हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीचे नाव झाले. हे केंद्र १९५५ मध्ये बंगळूरला हलविण्यात आले. देशव्यापी सरकारी यंत्रणेच्या नावाचा उगम एका अध्यापकाच्या घरगुती प्रयोगात असावा, ही गोष्ट बोलकी आहे.

तथापि पुढील चार दशके प्रक्षेपण हा शासनाचाच अधिकार राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. लगेच पुढच्या वर्षी बंगळूर येथे भरलेल्या एका परिषदेने जनसमूहांच्या स्वतःच्या नभोवाणीची मागणी करणारा जाहीरनामा काढला. मागणी मान्य होण्यास वेळ लागला. मधल्या काळात कोलार जिल्ह्यातील बूदिकोटे येथे 'नम्म ध्वनी' ह्या केंद्राने वेगळी वाट काढली : लहरी वापरण्याची परवानगी नसल्यामुळे त्याने तारांवाटे घरोघर आवाज पोहोचविला. २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना प्रक्षेपणाची मुभा मिळाली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. २००६ च्या धोरणाने ही मुभा स्वयंसेवी संस्थांनाही दिली. २००७ मध्ये बंगळूरला जैन शिक्षणसमूहाच्या परिसरातून 'रेडिओ अ‍ॅक्टिव्ह' ऐकू येऊ लागला.

परंतु ह्या धोरणात एक मेख होती. बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम ह्या केंद्रांनी प्रक्षेपित करू नयेत, अशी अट २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यात आली. आरोग्य, शेती, लोकगीते, परीक्षेचे मार्गदर्शन यांना दार उघडे. सुएझ कालवा किंवा सुरक्षा परिषद यांना मात्र बंद. विद्यापीठाच्या वर्गात ज्या विषयावर तासभर व्याख्यान होते, त्याच विषयावर त्याच विद्यापीठाच्या नभोवाणीवर अवाक्षर काढणे कठीण, अशी ही विसंगती होती. पॉडकास्टचे महत्त्व येथे कळते. बूदिकोटेच्या तारांनी जे काम एका गावासाठी केले, तेच काम महाजालाने महाविद्यालयासाठी केले.

दार उघडले, पण कोणत्या भाषेसाठी? विद्यार्थ्यांचे हे कार्यक्रम बहुधा इंग्रजीत असतात. पाठ्यपुस्तके, संशोधनलेख, परकीय वृत्तपत्रे हे सारे साहित्य इंग्रजीत असल्याने असे होणे स्वाभाविक आहे. मात्र त्यामुळे 'सुलभ करणे' ह्या क्रियेचा अर्थ पातळ होतो. अवघड इंग्रजीचे सोपे इंग्रजी झाले, तर विषय आधीच त्याच्या परिघात असलेल्यांनाच अधिक सोपा होतो.

ह्या संदर्भात बंगळूरमधीलच 'पुलियाबाजी' ह्या हिंदी पॉडकास्टचे उदाहरण उद्बोधक आहे. तो विद्यार्थ्यांचा नव्हे. सार्वजनिक धोरणाचे शिक्षण देणाऱ्या तक्षशिला संस्थेतील अध्यापक-संशोधक प्रणय कोटस्थाने यांनी सौरभ चंद्र यांच्यासह २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सुरू केला. अर्थनीती, तंत्रज्ञान, परराष्ट्रसंबंध असे विषय त्यात गप्पांच्या रूपाने उलगडले जातात. 'पुलिया' म्हणजे ओढ्यानाल्यावरील लहान पूल. उत्तरेकडील गावांत त्याच्या कठड्यावर बसून रंगणारी बैठक ह्या नावात अभिप्रेत आहे. आपल्या पारावरच्या किंवा चावडीवरच्या बैठकीशी तिचे नाते उघड आहे. व्याख्यानाचे व्यासपीठ न निवडता पुलाचा कठडा निवडला, की भाषाही त्या कठड्यावर शोभेल अशी ठेवावी लागते.

कानाची भाषा आणि डोळ्याची भाषा यांतील फरक येथे स्पष्ट होतो. छापील पानावर अडखळलेला वाचक मागे वळून पाहू शकतो. समास कोठे तुटतो ते त्याला अक्षरांच्या आधाराने ठरविता येते. श्रोत्याला हा आधार नसतो. 'अण्वस्त्रप्रसारबंदी करार' हा शब्दसमूह छापील मराठीत निर्दोष आहे. परंतु कानावर पडताच त्यातील 'प्रसार' आणि 'बंदी' एकमेकांत अडकतात. वाक्य कानासाठी रचावयाचे तर समास सोडवून गोष्ट सांगावी लागते : ह्या कराराने एक तारीख ठरविली, १ जानेवारी १९६७. त्या दिवसापूर्वी ज्या देशांनी अण्वस्त्र बनवून त्याचा स्फोट केला होता, ते अण्वस्त्रधारी मानले गेले. इतरांनी ते बनवूच नये, असे ठरले. असे स्फोट करणारे देश पाच होते. भारताचा पहिला अणुस्फोट १९७४ चा. देशादेशांत अशी कायमची प्रतवारी लावणारा करार पक्षपाती आहे, ही भारताची भूमिका, आणि म्हणून त्यावर भारताची सही नाही. एवढे सांगितले की 'भेदभावमूलक तरतुदी' हा शब्द न वापरताही भेदभाव ध्यानात येतो.

'युद्धबंदी' हा शब्द तर मराठीच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगा आहे. १९७१ च्या डिसेंबरमध्ये युद्धबंदी झाली. त्याच युद्धात पाकिस्तानचे नव्वद हजारांहून अधिक युद्धबंदी भारताच्या ताब्यात आले. पहिला शब्द स्त्रीलिंगी, त्याचा अर्थ लढाई थांबणे. दुसरा पुल्लिंगी, त्याचा अर्थ पकडलेला शत्रुपक्षीय माणूस. लेखनात संदर्भ आणि क्रियापदाचे लिंग वाचकाला सावरून नेतात. बोलण्याच्या ओघात, विशेषतः १९७२ च्या सिमला कराराविषयी सांगताना, गोंधळ अटळ ठरतो. कारण पूर्वीच्या 'युद्धबंदी रेषे'ची जागा 'नियंत्रण रेषे'ने घेतली तीही ह्याच कराराने. म्हणून बोलणाऱ्याने 'लढाई थांबली' आणि 'युद्धकैदी' असे दोन निराळे शब्द योजावे, हे शहाणपणाचे. 'संधी' ह्या शब्दाचेही तसेच आहे. संस्कृतात तो तह होय. आजच्या मराठी कानाला तो आधी 'अनुकूल वेळ' असाच ऐकू येतो.

याउलट काही ठिकाणी मराठी शब्द मूळ शब्दाहून अधिक बोलका असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत 'व्हेटो' हा शब्द कोठेही नाही. सत्ताविसाव्या कलमात एवढेच म्हटले आहे की, सुरक्षा परिषदेच्या महत्त्वाच्या ठरावास पंधरांपैकी नऊ मते हवीत आणि त्यांत पाच कायम सदस्यांची संमती असावी. हा संमतीचा नियम प्रत्यक्षात एकट्याने 'नाही' म्हणण्याचा अधिकार ठरतो. मराठीतील 'नकाराधिकार' हा शब्द नेमके हेच सांगतो. असा शब्द हाताशी असताना 'व्हेटो'चा आश्रय घेणाऱ्या विद्यार्थ्याने स्पष्टीकरणाची अर्धी वाट आपणच अडविलेली असते.

राज्याराज्यांतील व्यवहारांविषयी मराठीत बोलणे ही काही उसनी गोष्ट नव्हे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने राज्यकारभाराच्या परिभाषेचा प्रश्न सतराव्या शतकातच हाती घेतला होता. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रा'त टोपीकर व्यापाऱ्यांविषयीचा इशारा आहे. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना भूमी व बळकट ठिकाणे देताना सावध असावे, असा त्याचा आशय. व्यापार आणि राजसत्ता यांचे नाते इतक्या थोडक्यात व इतक्या स्वच्छ मराठीत सांगणारा हा मजकूर आजही वर्गात वाचण्याजोगा आहे. सालबाईचा तह, वसईचा तह, वकील, खलिता, तैनाती फौज हे शब्द ज्या भाषेच्या दैनंदिन पत्रव्यवहारात वावरले, तिला परराष्ट्रकारणाची ओळख नव्याने करून द्यावयाची नसून जुनी ओळख जागी करावयाची आहे. परकीय लष्करी तळाचे राजकारण मराठी श्रोत्याला सांगताना 'तैनाती फौज' ह्या एका स्मरणाने बरेच काम होते. मात्र दोन्ही गोष्टी एकच नव्हेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे.

मुद्रणयुगातही ही परंपरा तुटली नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी पहिल्या महायुद्धाचे वृत्त 'चित्रमयजगत्'मधून लेखमालेच्या रूपाने मराठी वाचकांपुढे ठेवले. पुढे अरुण साधूंनी चीनच्या क्रांतीवर 'आणि ड्रॅगन जागा झाला' हे पुस्तक लिहिले. ह्या लेखकांनी परकीय साधने वापरली. पण वाक्य मराठीत घडविले. विद्यार्थ्यांच्या पॉडकास्टने हा वारसा पुढे न्यावयाचा आहे, फक्त ह्या वेळी तो मुखाने चालवावयाचा आहे.

ह्या उद्योगातील धोकेही नजरेआड करता येत नाहीत. सुलभ करण्याच्या भरात विषय सपाट होण्याचा संभव असतो. देशादेशांतील संबंध दोन शेजाऱ्यांच्या भांडणासारखे रंगविले की ते समजल्याचा भास होतो, समज मात्र वाढत नाही. गप्पांच्या ओघात मत आणि माहिती यांची सरमिसळ होते. वृत्तपत्रात निदान एक संपादक असतो. येथे बोलणारा आणि तपासणारा बहुधा एकच. विद्यापीठाचे खरे कार्य येथेच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तारखा तपासाव्यात, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने करारातील कलमे पाहावीत, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून, विषय न जाणणाऱ्या एखाद्याला ऐकवून पाहावे. ते वाक्य पहिल्या ऐकण्यात कळले नाही, तर दोष श्रोत्याचा मानू नये.

बंगळूर हे स्थळ ह्या दृष्टीने अनुकूल आहे. शहाजीराजांच्या तेथील दरबारी जयराम पिंड्ये ह्या कवीने रचलेल्या 'राधामाधवविलासचंपू'त अनेक भाषांतील रचना आहेत. बहुभाषिकता हा त्या नगराचा जुनाच स्वभाव होय. तेथील एकाच वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी घरांतून आलेली मुले शेजारी बसतात. एकाच संशोधनावर आधारलेला कार्यक्रम त्यांपैकी प्रत्येकाने आपापल्या भाषेत करून पाहिला, तर कोणत्या भाषेत कोणता शब्द सहज सापडतो आणि कोणता अडतो, याची तौलनिक नोंद आपोआप तयार होईल. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना तिचा उपयोग परिभाषाकोशाइतकाच होईल.

कोशात पडून राहिलेला शब्द भाषेचा होत नाही. कोणी तरी तो बोलावा लागतो आणि दुसऱ्या कोणाला तरी तो कळावा लागतो. पुढच्या वेळी एखाद्या परक्या शहरावर तोफा सुरू होतील आणि येथल्या एखाद्या घरी रात्री दूरध्वनी वाजेल, तेव्हा पलीकडे काय चालले आहे हे त्या घरच्या भाषेत सांगणारा आवाज उपलब्ध असावा, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.