‘अप्लाय’चे खानदान

दहावीचा निकाल लागला की घराघरांत फॉर्मची धांदल उडते. अम्मी कागदपत्रांची पिशवी काढतात, अब्बा झेरॉक्सच्या रांगेत उभे राहतात, आणि इंग्रजी फॉर्म येतो मुलीच्या पुढ्यात. ‘ॲप्लिकंट’च्या रकान्यात ती वडिलांचे नाव लिहिते. गुणपत्रिका तिची, अर्जदार मात्र अब्बा! शिष्यवृत्तीचे असे अर्ज परत आलेले आम्ही पाहिले आहेत.

‘अप्लाय म्हणजे अर्ज करणे’ हे तिला पाठ असते. त्या शब्दाच्या नातेवाइकांशी मात्र ओळख झालेली नसते. वास्तविक शब्दांचे खानदान आपल्या मुलांना नवे नाही. किताब, कातिब, मकतब, मकतूब ही एकाच घरची मंडळी, हे उर्दू शिकणारे मूल चटकन ओळखते. अरबीत शब्द आतून बदलतो, इंग्रजीत बहुधा शेपूट बदलते, एवढाच फरक. ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे अर्ज, ‘ॲप्लिकंट’ म्हणजे अर्ज करणारा. असिस्टंट, अकाउंटंट यांचे शेपूटही तेच. (आपला मराठी ‘अर्ज’ मूळचा अरबीच, आणि ‘अर्जदार’मधला ‘दार’ फारसी.)

पण अप्लायचा अर्थ अर्जापुरताच नाही. मलमाच्या ट्यूबवरही हा शब्द असतो. तिथे कुणाकडे अर्ज करायचा नसतो, मलम लावायचे असते! लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थही जोडणे, लावणे असाच आहे. इथे मराठी फार उपयोगी पडते. मलम लावणे, अभ्यासात मन लावणे, गणितात सूत्र लावणे, सगळीकडे अप्लायच. आणि नियम लागू असेल तर तो ‘ॲप्लिकेबल’. मुलांना आम्ही ‘लाव’ आणि ‘लागू’ ही जोडी देतो, मग वेगळे पाठांतर लागत नाही. मिक्सर, इस्त्री यांना म्हणतात ती ‘अप्लायन्स’ही याच घरातली, जरा दूरची.

स्पेलिंगमध्ये शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो. ‘आयएनजी’ लागताना मात्र ‘वाय’ जागचा हलत नाही. वाक्यात, ज्यासाठी अर्ज करायचा त्याच्या आधी ‘फॉर’, ज्यांच्याकडे करायचा त्यांच्या आधी ‘टू’: ‘आय अप्लाइड टू द कॉलेज फॉर अ स्कॉलरशिप.’

कागदी फॉर्मवर पतीच्या नावाचा रकाना असेल, तर अविवाहित मुलीने तो कोरा सोडू नये. तिथे ‘एन.ए.’ लिहावे, म्हणजे ‘नॉट ॲप्लिकेबल’, लागू नाही.