दिव्यांग हक्कविषयक प्रशासकीय सुनावणी (महाराष्ट्र)

दिव्यांग हक्कविषयक प्रशासकीय सुनावणी म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, नोकरीतील भेदभाव किंवा नाकारलेल्या सवलती यांबाबत न्यायालयाबाहेर दाद मागण्याची वैधानिक पद्धत होय. महाराष्ट्रात ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानुसार चालते.

पार्श्वभूमी

१९९५ च्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार मान्य होते. १९ एप्रिल २०१७ रोजी अंमलात आलेल्या नव्या अधिनियमाने त्यांची संख्या २१ केली. सरकारी नोकरीतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. त्यामुळे प्रमाणपत्रावर ३९ टक्के लिहिले आहेत की ४०, यावर अर्जदाराचे आरक्षण अवलंबून असते.

प्रमाणपत्राविरुद्ध अपील

प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध कलम ५९ अन्वये राज्य शासनाने नेमलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार अपील निर्णयापासून ९० दिवसांत करावे लागते. अपिलाची कारणे थोडक्यात मांडून सोबत प्रमाणपत्राची किंवा नकारपत्राची प्रत जोडतात. अर्जदार अज्ञान असल्यास त्याचा पालक अपील करू शकतो. प्राधिकाऱ्याने अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेऊन ६० दिवसांच्या आत सकारण आदेश देणे बंधनकारक आहे.

तक्रार कोणाकडे करावी

नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींसाठी प्रत्येक शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, असे कलम २३ सांगते. या अधिकाऱ्याने नोंदणीपासून दोन आठवड्यांत चौकशी करावयाची असते. समाधान न झाल्यास तक्रारदार जिल्हास्तरीय समितीकडे जाऊ शकतो.

पुढील मार्ग आस्थापना कोणत्या शासनाच्या अखत्यारीत आहे, यावर ठरतो. उदाहरणार्थ, कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेविरुद्धची तक्रार पुण्यातील राज्य आयुक्तांकडे जाते. कल्याण स्थानक चालवणाऱ्या मध्य रेल्वेविरुद्धची तक्रार मात्र केंद्राच्या मुख्य आयुक्तांच्या अधिकारक्षेत्रात येते.

राज्य आयुक्तांचे अधिकार

साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे आणि शपथपत्रावर पुरावा घेणे याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तथापि त्यांचा निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपात असतो. संबंधित प्राधिकरणाने त्यावर कार्यवाही करून तीन महिन्यांत कळवावे लागते; शिफारस अमान्य असल्यास त्याची कारणे आयुक्तांना आणि तक्रारदारालाही द्यावी लागतात. १९९५ च्या अधिनियमाखालील मुख्य आयुक्तांना अंतरिम मनाई आदेश देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध विनेशकुमार भसीन या प्रकरणात स्पष्ट केले.

सुनावणी घेणाऱ्याची निष्पक्षता

ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार आहे तिच्याच कर्मचाऱ्याने सुनावणी घेतल्यास निर्णयावर विश्वास बसणे कठीण होते. कलम २३ मधील अधिकारी आस्थापनेचाच असल्याने हा प्रश्न पहिल्याच पायरीवर उद्भवतो. जिल्हास्तरीय समिती आणि राज्य आयुक्त या त्यापुढील पायऱ्या त्यासाठी महत्त्वाच्या ठरतात. आयुक्तपदासाठी पुनर्वसन क्षेत्राचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक आहे. त्यांना साहाय्य करण्यासाठी जास्तीत जास्त पाच तज्ज्ञांची सल्लागार समिती असते. परंतु सुनावणीसाठी बाहेरील व्यक्तींना कंत्राटी पद्धतीने नेमण्याची स्वतंत्र तरतूद अधिनियमात नाही.

अन्य देशांत या प्रश्नाची वेगळी उत्तरे आढळतात. अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणविषयक वादांत सुनावणी अधिकारी हा त्या मुलाच्या शिक्षणाशी वा देखभालीशी संबंधित शासकीय संस्थेचा कर्मचारी असू शकत नाही. मात्र केवळ सुनावणीचे मानधन त्या संस्थेकडून मिळते म्हणून तो तिचा कर्मचारी ठरत नाही. त्यामुळे अनेक राज्ये कायदेतज्ज्ञांना कराराने नेमतात. ब्रिटनमध्ये दिव्यांग भत्त्याची अपिले सामान्यतः न्यायाधीश, डॉक्टर आणि दिव्यांगत्वाचा अनुभव असलेला सदस्य अशा तिघांच्या न्यायाधिकरणापुढे चालतात.