शनिवार पेठेचं मत कुठे नोंदलं जातं?

गिरीश बापट पुण्याच्या शनिवार पेठेत राहायचे. 1973 मध्ये टेल्कोत नोकरीला लागलेला हा तरुण आणीबाणीत तुरुंगात गेला, 1983 मध्ये पुणे महापालिकेत नगरसेवक झाला आणि 1995 पासून कसबा पेठ मतदारसंघातून सलग पाच वेळा आमदार म्हणून निवडून आला. 2014 ते 2019 मंत्री, मग पुण्याचे खासदार. 29 मार्च 2023 रोजी ते गेले, तोवर त्यांच्या सार्वजनिक आयुष्याला चाळीस वर्षं झाली होती. मेहुणपुऱ्यापासून ओंकारेश्वरापर्यंत कुणालाही विचारा, बापटांच्या दोन-चार आठवणी सहज निघतात.

पण विधानसभेतल्या चोवीस वर्षांत त्यांनी कोणत्या विधेयकावर काय मत दिलं, असं विचारलं तर? पेठेतला जाणता माणूसही इथे थांबतो. चूक त्याची नाही. लोकप्रतिनिधीचं मत, पैसा आणि हितसंबंध यांची नोंद कुठे होते, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत आणि त्यातला सगळ्यात मोठा याच प्रश्नाशी जोडलेला आहे.

प्रत्येक आमदाराचं प्रत्येक मत कुठल्या तरी वहीत लिहिलेलं असणार, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. सभागृहातले बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष अनुकूल असणाऱ्यांना ‘होय’ आणि प्रतिकूल असणाऱ्यांना ‘नाही’ म्हणायला सांगतात, कानाने अंदाज घेतात आणि बहुमत कुणाचं ते जाहीर करतात. कुणी मतविभागणी मागितली आणि ती झाली, तरच नावं कागदावर येतात.

याचं मोठं उदाहरण 12 नोव्हेंबर 2014 चं आहे. देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव त्या दिवशी विधानसभेत मांडला गेला. भाजपकडे स्वतःचं बहुमत नव्हतं. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती आणि राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. त्याच दिवशी अध्यक्षपदी आलेले हरिभाऊ बागडे यांनी ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. विरोधकांनी मतविभागणी मागितली, पण वेळ निघून गेली असं सांगून ती नाकारण्यात आली. सरकार टिकावं की जावं, हा सभागृहापुढचा सगळ्यात गंभीर प्रश्न, आणि त्यावर कोणत्या आमदाराचं मत कुठे पडलं याची नावनिशी नोंद नाही. बापट त्या सभागृहात कसब्याचे आमदार होते. कसब्याच्या मतदाराला आपल्या आमदाराचं मत त्या दिवशी अधिकृत कागदावर वाचता यायला हवं होतं. पक्ष कोणताही असो, तो मतदाराचा हक्क आहे.

नोंद करणं अशक्य आहे, असंही नाही. 3 जुलै 2022 रोजी राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले तेव्हा शिरगणती झाली. आमदार एकेक करून उभे राहिले, स्वतःचं नाव आणि क्रमांक सांगत गेले आणि 164 विरुद्ध 107 असा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव 164 विरुद्ध 99 मतांनी मंजूर झाला. लोकसभेत तर बटण दाबून मत नोंदवण्याची यंत्रणा आहे, घटनादुरुस्तीसाठी मतविभागणी करावीच लागते आणि तपशील त्या दिवसाच्या कामकाजाच्या वृत्तान्तात मिळतो. तरीही सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेने कृषी विधेयकं आवाजी मतदानानेच मंजूर केली, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरा समज असा, की आमदाराचं मत आपल्या मतासारखंच गुप्त असतं. इथे कसब्याच्याच दुसऱ्या आमदारांची गोष्ट सांगावी लागते. मुक्ता टिळक, पुण्याच्या माजी महापौर, 2019 मध्ये बापटांनंतर कसब्यातून निवडून आल्या. जून 2022 मध्ये त्या कर्करोगाने गंभीर आजारी होत्या. 10 जूनला राज्यसभेची निवडणूक होती. त्या रुग्णवाहिकेतून पुण्याहून मुंबईला गेल्या आणि मत देऊन आल्या. 20 जूनला विधान परिषदेची निवडणूक होती. तेव्हा पुन्हा तोच प्रवास.

या दोन मतांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. 2003 मध्ये कायदा बदलून ही खुली पद्धत आली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. दाखवण्याच्या पद्धतीवर आक्षेप आला म्हणून त्याच 10 जूनला शिवसेनेचे सुहास कांदे यांचं मत निवडणूक आयोगाने बाद केलं. विधान परिषदेत मात्र आमदारांचं मत गुप्त असतं. म्हणूनच 20 जूनला मतं फुटली, भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि कुणाची मतं फुटली हे अधिकृतपणे कधीच कळलं नाही. त्याच रात्री शिंदे बंड करून सुरतेकडे निघाले आणि राज्याचं राजकारण उलटंपालटं झालं. मुक्ताताई 22 डिसेंबर 2022 रोजी गेल्या. आजारपणातही मत वाया जाऊ न देणाऱ्या या आमदाराबद्दल मनात आदर दाटतो. त्या दोन प्रवासांतलं पहिलं मत पक्षाने पाहिलेलं होतं आणि दुसरं नियमाने गुप्त होतं. मतदाराला त्यातलं एकही पाहायला मिळालं नाही.

व्हिपबद्दलही, म्हणजे पक्षादेशाबद्दलही, असाच घोळ आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सभागृहात पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. पण ती आपोआप जात नाही. पक्ष पंधरा दिवसांत माफ करू शकतो आणि निर्णय अध्यक्षांच्या हातात असतो. राज्यसभेच्या निवडणुकीतल्या मताला तर हा कायदा लागूच होत नाही. तिथे दुसऱ्या पक्षाला मत दिलं तरी आमदारकी शाबूत राहते.

आता पैशाकडे येऊ. ‘निवडणूक आयोगाने मालमत्ता तपासलेली असते’ हे वाक्य निवडणुकीच्या दिवसांत कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येतं. आयोग ती तपासत नाही. उमेदवार नमुना 26 मध्ये शपथपत्र देतो. एकही रकाना कोरा नाही ना, एवढं निवडणूक निर्णय अधिकारी पाहतो. कोरे रकाने ठेवता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं. आकडे खरे की खोटे, याची छाननी तिथे होत नाही. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, पण त्यासाठी कुणीतरी पुढे येऊन तक्रार करावी लागते.

आणि हे शपथपत्र पहिल्यापासून होतं, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2002 मध्ये ते बंधनकारक ठरवलं, संसदेने कायदा करून त्याला मुरड घातली आणि मार्च 2003 मध्ये न्यायालयाने ती मुरड रद्द केली. म्हणजे बापटांच्या 1995 आणि 1999 च्या निवडणुकांत मतदारांपुढे अशा शपथपत्राचा कागद नव्हता. सगळ्याच उमेदवारांबाबत तेव्हा हीच स्थिती होती. 2019 मध्ये ते लोकसभेला उभे राहिले, तोवर या नमुन्यात पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न, एकत्र कुटुंबाची आणि परदेशातली मालमत्ता असे रकाने आले होते. एकाच उमेदवाराची दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवून वाचली, की कुठली जमीन नव्याने आली, कुठलं कर्ज फिटलं, जोडीदाराच्या उत्पन्नाचा स्रोत काय लिहिला आहे, हे तासाभरात कळतं. ही शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

निवडून आल्यावर काय? खासदाराने शपथ घेतल्यापासून 90 दिवसांत मालमत्तेचं विवरण सभापतींना किंवा अध्यक्षांना द्यायचं असतं. राज्यसभेत हितसंबंधांची नोंदवहीही आहे. कंपनीचं संचालकपद, पगारी सल्लागारी, व्यावसायिक कामं अशी माहिती तिच्यात येते. लोकसभेत अशी नोंदवही नाही. थेट लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहातच ती नसावी, हे पटण्यासारखं नाही.

युरोपात सगळं आलबेल आहे, हाही एक समज. युरोपीय संसदेत कायद्यांवरच्या अंतिम मतदानात प्रत्येक सदस्याचं नाव आणि मत प्रसिद्ध होतं, हितसंबंधांची विवरणं सर्वांसाठी खुली असतात. तरीही डिसेंबर 2022 मध्ये ब्रुसेल्समध्ये लाचखोरीच्या संशयावरून छापे पडले आणि संसदेच्या एका उपाध्यक्षांना अटक झाली. त्यानंतर 2023 मध्ये नियम कडक झाले, कार्यकाळाच्या सुरुवातीला आणि शेवटी मालमत्ता जाहीर करणं आलं. विवरण खुलं असलं तरी ते कुणीतरी वाचावं लागतं, तपासावं लागतं. पण नावनिशी मताची त्यांची पद्धत मात्र महाराष्ट्राने जरूर उचलावी.

खासदार निधी खासदाराच्या खिशात जातो, असं अजूनही काही लोक मानतात. वर्षाला पाच कोटींचा हा निधी त्यांच्या हातात येत नाही. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाकडे असतो. करोनाच्या काळात 2020 मध्ये ही योजना थांबवली होती. बापटांच्या कार्यकाळाला त्याची थेट झळ बसली.

शेवटचा गैरसमज पुणेकरांनी स्वतः भोगला. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक होतेच, असं सगळे धरून चालतात. कायद्यात सहा महिन्यांचीच मुदत आहे, पण उरलेला कार्यकाळ वर्षापेक्षा कमी असेल किंवा निवडणूक घेणं अवघड असल्याचं आयोगाने केंद्राशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं, तर सूट मिळते. मुक्ताताईंच्या जागी कसब्यात 26 फेब्रुवारी 2023 ला मतदान झालं. प्रचाराच्या वेळी बापट नाकाला प्राणवायूची नळी लावून, चाकाच्या खुर्चीत बसून केसरीवाड्यातल्या बैठकीला आले होते. पुढच्याच महिन्यात तेही गेले. पुण्याची लोकसभेची जागा मात्र भरली गेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये तातडीने निवडणूक घ्या असं सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुण्याला नवा खासदार मिळाला तो थेट 4 जून 2024 च्या निकालाने.

मधल्या चौदा महिन्यांत, 20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेत महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीवर मतविभागणी झाली. बाजूने 454, विरोधात 2. त्या आकड्यांत पुण्याचं मत नाही.