सायकलीचा घसारा

सायकलीची चेन पडणे आणि चेन सटकणे यांत मोठा फरक आहे. पडलेली चेन रस्त्याच्या कडेला उभे राहून, बोटे काळी करून, पुन्हा चढवता येते. सटकणाऱ्या चेनीचे तसे नसते. सपाट रस्त्यावर ती बिनतक्रार चालते. चढ लागला, सिग्नल सुटल्यावर जोर द्यावा लागला किंवा मागे कॅरिअरवर धाकटे भावंड बसले, की 'खट्' असा आवाज होतो, पायाखालचे पेडल एकदम हलके होऊन खाली जाते आणि चालवणाऱ्याचा तोल जातो. मागून बस येत असेल तर तो एक 'खट्' केवढ्याला पडेल हे सांगता येत नाही. तरीही आपल्याकडे हा दोष 'जरा चेन सटकते' एवढ्या तीन शब्दांत महिनोन्‌महिने चालवून घेतला जातो.

एके काळी पुण्याची ओळख सायकलींचे शहर अशी होती. रविवारी सकाळी अंगणात सायकल उलटी ठेवून, रॉकेलात भिजवलेल्या चिंधीने चेन पुसणारे वडील तेव्हा घरोघरी दिसत. आता रस्त्यावर सायकलस्वारांचे ठळक दोन वर्ग दिसतात. एक प्रकृतीसाठी चालवणाऱ्यांचा; त्यांच्या सायकली महाग, त्यांना सवड आणि माहितीही भरपूर. दुसरा वर्ग दूध घालणारे, पेपर टाकणारी मुले, बांधकामावर जाणारे गवंडी आणि शाळेत जाणाऱ्या मुली यांचा. सायकल बंद पडली तर यांचा दिवस बुडतो. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या गेल्या. योजना चांगलीच, पण सायकल मिळाल्यावर दोन-तीन वर्षांनी तिची चेन कोण मोजणार, हा प्रश्न घरच्यांनीच सोडवायचा असतो.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी नववीत आहे. कोणीतरी दिलेल्या जुन्या लेडीज सायकलवरून शाळेत जाते. कालव्याच्या पुलाच्या चढावर चेन सटकून ती पडली, गुडघा फुटला. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी एका दुकानातून नवी चेन बसवून आणली. नव्या चेनीने सटकणे थांबण्याऐवजी वाढले! दुकानदाराने फसवले असे ठरवून बाप गप्प बसला आणि मुलगी चढावर उतरून सायकल ढकलू लागली. शाळेला उशीर होऊ लागला. तेव्हा मी तिला घेऊन आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी आधी पाना हातात घेतला नाही. चेनकव्हर काढले आणि मुलीला म्हणाले, "ताई, मागचा ब्रेक घट्ट दाबून धर." मग खाली बसून त्यांनी पेडल हाताने जोरात दाबले. चेन मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलवर हळूहळू दाताच्या टोकापर्यंत चढली आणि 'खट्' करून पुढच्या दातावर पडली. "बघा साहेब," ते म्हणाले, "चेन नवी आहे, चांगली आहे. दात गेलेत."

सटकण्याचे रोग एकाहून अधिक आहेत आणि लक्षणे सारखीच दिसतात, म्हणून हा तपास आधी करायचा. चेन दातांवरून उडी मारत असेल तर दोष चेनीत किंवा दातांत. चेन जागच्या जागी नीट बसलेली, पण फ्रीव्हील नुसतेच फिरते आणि चाकाला जोर मिळत नाही, तर दोष फ्रीव्हीलच्या पोटातल्या खिट्ट्यांचा. हिंदी बोलणारे मिस्त्री त्यांना 'कुत्ते' म्हणतात. त्या झिजल्या किंवा वाळलेल्या तेलात चिकटल्या की दात पकडत नाहीत.

झटका किती वेळाने येतो हेही मोजावे. नेहमीच्या साध्या सायकलीला पुढे 44 दाती चाक, मागे 18 दाती फ्रीव्हील आणि 112 कड्यांची चेन असेल, तर पेडलच्या सुमारे अडीच फेऱ्यांत चेनीची एक फेरी होते. दर अडीच फेऱ्यांनी धक्का बसत असेल तर एखादी कडी गंजून आखडली आहे. पावसाळ्यानंतर हे हमखास घडते. ती कडी तेल देऊन हलवून मोकळी केली की काम भागते. पेडलच्या प्रत्येक फेरीला एकाच जागी धक्का बसत असेल तर पुढच्या चाकाचा दात वाकला आहे किंवा क्रँकची कॉटर पिन ढिली आहे. आणि धक्का फक्त जोर दिल्यावर, कुठेही, कसाही बसत असेल, तर ती झीज.

बँकेत असताना कर्जदारांच्या ताळेबंदांत 'घसारा' हा शब्द मला रोज भेटायचा. यंत्राची किंमत दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी कमी लिहायची, एवढाच त्याचा अर्थ. मिस्त्रींनी ते जुने फ्रीव्हील हातावर ठेवले तेव्हा त्या शब्दातले घासणे डोळ्यांना दिसले. नव्या फ्रीव्हीलचे दात दोन्ही बाजूंनी सारखे असतात. हे दात एका अंगाने खाल्ले जाऊन विळ्यासारखे वाकडे झाले होते.

'चेन वाढली' असे आपण म्हणतो, पण लोखंड ताणले जात नाही. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरला जी बुश-रोलर चेन घडवली, तिचीच रचना आपल्या साध्या सायकलीच्या चेनीत आहे. प्रत्येक कडीमागे एक पिन, तिच्यावर नळी, नळीवर फिरता रोलर आणि दोन पट्ट्या. 112 कड्यांचे मिळून 560 सुटे भाग होतात. धूळ तेलात मिसळली की पिन आणि नळी एकमेकींना घासतात. एका सांध्यात मिलिमीटरचा पंधरावा भाग झिजला तर डोळ्यांना दिसत नाही. पण असे 24 सांधे ओळीने घेतले की दीड मिलिमीटरहून थोडी जास्त वाढ होते. कड्यांमधले अंतर अर्ध्या इंचाहून वाढले की चेन दातांनाही आपल्या मापाने झिजवते. मागच्या फ्रीव्हीलला दात कमी, म्हणून तिथला प्रत्येक दात पुढच्यापेक्षा जवळजवळ अडीचपट वेळा चेनीखाली येतो आणि आधी जातो.

जुनी चेन आणि जुने दात बरोबरीने झिजलेले असतात, म्हणून त्यांचे बराच काळ जमते. त्या दातांवर नेमक्या अर्ध्या इंचाची नवी चेन चढवली की तिचे रोलर नीट बसत नाहीत. जोर आला की वर चढतात. मुलीच्या सायकलीचे दुखणे हेच होते. पुढच्या चाकाचे दात शाबूत होते. नवे फ्रीव्हील बसले आणि सटकणे थांबले. जुनी चेन वेळेवर बदलली असती तर फ्रीव्हीलही वाचले असते आणि गुडघाही.

ही वेळ ओळखायला सुताराकडची पोलादी पट्टी किंवा टेप पुरतो. चेनीच्या ताणलेल्या भागावर एका पिनेच्या मध्यावर शून्य धरायचे आणि 24 कड्या मोजायच्या. नव्या चेनीत चोविसाव्या कडीची पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे गेली असेल तर फक्त चेन बदलावी, दात बहुधा वाचतील. आठव्या भागाने पुढे गेली तर फ्रीव्हीलचाही खर्च धरून चालावे. पट्टी नसेल तर पुढच्या चाकाच्या अगदी पुढच्या टोकाशी चेन चिमटीत धरून ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली.

बदलण्याचे काम मिस्त्रीला द्यावे, कारण फ्रीव्हील पेडलच्या जोराने आटे धरून घट्ट बसलेले असते. आपण दोन गोष्टी पाहाव्यात. चेनीच्या लॉकवरच्या क्लिपचे बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवे. आणि चेन मधोमध अर्धा इंच वर-खाली हलावी. त्याहून ताठ असेल तर पिना आणि बेअरिंग लवकर झिजतात. तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब पुरे, वरचे पुसून टाकावे. चेनीवरून ओघळणारे तेल धूळ गोळा करते आणि मग ते वंगण राहत नाही, घासपावडर होते.

गिअरच्या सायकलीत नवी चेन बसवल्यावर एखाद्याच गिअरमध्ये सटकत असेल तर मागचे तेच दाती चाक बहुधा झिजलेले असते. सगळ्याच गिअरमध्ये चेन इकडून तिकडे जात असेल तर मात्र आधी गिअरची केबल तपासून घ्यावी. खर्च वाचेल.

आज रविवार आहे. घरात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलाची अशी एखादी सायकल असेलच. चेनीवर पट्टी धरायला पाच मिनिटे लागतात, आणि मुलांना शेजारी बसवून 24 कड्या मोजायला लावल्या तर पुढच्या वर्षी ते काम तीच करतील.